बोदवडची नवाई

बोदवड,
१८ जून २०२४

आमश्याभाऊ, रामराम.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे तू पाड्यामागच्या त्या खडकावर चढणार, "हॅलो सुपडू" म्हणणार आणि पुढचं सगळं मला वाराच सांगणार. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर मास्तरांकडून वाचून घेऊ नको, त्यात तुझीच बदनामी असते.

तुझी दगडी आणि जावई रोहिदास परवा सुखरूप उतरले. तिच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर पातेलं, त्याच्या खांद्यावर कोयता. मी म्हटलं, "जावईबापू, कोयता ठेवा आता. इथे ऊस नाही, भेंडी आहे." तर म्हणतो, "काका, बारा वर्षं गुजरातेत ऊस तोडला. हात रिकामा बरा वाटत नाही." मी त्याच्या हातात खुरपं दिलं. म्हटलं, हे घे, वजनाला कमी पण कामाला जास्त.

आता हे काय प्रकरण आहे ते नीट सांगतो, म्हणजे तू रात्रंदिवस विचार करत बसणार नाहीस. जळगावला मेहरूणमध्ये 'रुजवण' म्हणून एक संस्था आहे. गाव सोडून मजुरीवर फिरणारी, स्वतःची जमीन नसलेली माणसं ते निवडतात. माझ्या रोपवाटिकेला लागून त्यांनी जागा घेतली आहे. एकेका कुटुंबाला वीस गुंठे, ठिबकची नळी, बियाणं आणि पत्र्याची दोन खोल्यांची घरं. शिकवायला कोण? तर हा सुपडू, नववी नापास. संस्थेच्या कामिनी मॅडम मला 'सर' म्हणतात. आमची सुनंदाबाई तेव्हापासून चहा देताना "घ्या सर" म्हणते आणि कप आपटते.

अट एकच आहे, पण कडक आहे. पहिला माल ३१ ऑगस्टच्या आत बाजारात गेला पाहिजे. गेला, तर ते वीस गुंठे पाच वर्षं त्यांचे. नाही गेला, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मागच्या वर्षी दोघांनी जागा अडवली आणि स्वतः मजुरीला निघून गेले, म्हणून हा नियम. यादीत पुढचं नाव यावलकडच्या शेवंताबाईचं आहे. बाई तीन मुली घेऊन वीटभट्टीवर राहते आणि दर पंधरा दिवसांनी येऊन विचारून जाते. तेव्हा मॅडम कुणाला दया दाखवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दगडीच्या कागदावर 'ओळख देणारा' म्हणून मी सही केली आहे. तुझी लेक म्हणून केली, आणि तिचे हात पाहिले म्हणूनही केली.

आपण सावद्याला केळीचे घड वाहायचो ते दिवस आठवतात का? मी एकोणीसचा, तू बाविशीचा. तू दोन घड उचलायचास, मी एक उचलून दोघांच्या वाटचं बोलायचो. भादव्यात कुणी मक्याची कणसं भाजली की तू हात मागे घ्यायचास. "दात दुखतात." मग आठ दिवस गावी जायचास आणि आल्यावर तीच कणसं कराकरा खायचास. चार वर्षं बरोबर एकाच महिन्यात दुखणारे दात मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत. दगडीचे दात तरी बरे आहेत ना?

तुझा,
सुपडू

*

मोहीपाडा, ता. शिरपूर
२९ जून २०२४

सुपडूभाऊ,

आठे बठ्ठं बरं शे, तुझ्याकडेही सगळं बरं असेल. तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मास्तरांना दाखवलं नाही.

दगडीला मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकवली. तिच्या भावांपेक्षा ती हुशार. पण आमची जमीन उतारावरची, तीन एकर, त्यात दोन भाऊ. तिच्या सासरी तर तेवढीही नाही. बारा दिवाळ्या तिने उसाच्या फडात केल्या. म्हणून तू बोलावलंस तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

एक सांगून ठेवतो. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं समजू नको. तिची आई तशीच होती. मोठ्या माणसासमोर 'नाही' म्हणणार नाही. काम थांबवेल, पण तोंडाने सांगणार नाही.

तिच्या शेताला बांध आहे का? बांधावर झाड आहे का? आणि पाण्याची दिशा कोणती? एवढं कळव.

मला काही वाटत नाही. घर जरा मोठं वाटतं, एवढंच.

दातांचं म्हणशील तर आता सहाच उरले. दुखायचं थांबले.

आमश्या

*

बोदवड,
४ ऑगस्ट २०२४

आमश्याभाऊ,

पेढे वाट! नाहीतर गूळ वाट, पण काहीतरी वाट.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बांध आहे. बांधावर निंबाचं एक झाड आहे, माझ्या हातचं, पंधरा वर्षांचं. पाणी विहिरीतून उगवतीकडे जातं. झाड तुला कशाला लागतं ते कळलं नाही. सावलीला म्हणत असशील.

दगडीचं शेत सहा जणांत पहिलं आलं. मी शिकवलं म्हणून नाही. मी दोन रोपांत एक फूट अंतर सांगितलं, तर बाकीच्यांनी टेप लावला आणि तिने पाऊल लावलं, आणि सगळ्यांत सरळ ओळ तिचीच. ठिबकच्या नळीला भोक पडलं तर बाकीचे मला हाका मारतात. ही बाई सायकलच्या ट्यूबची चिंधी बांधून मोकळी होते. मी आता तिचं पाहून दुसऱ्यांना शिकवतो. ती समोर नसली की माझी अक्कल म्हणून सांगतो.

आज सकाळी मी वाफ्यातून फिरत होतो. पानाखाली पाहतो तर भेंडी! बोटाएवढी, लवदार, देठ कोवळा. आपली सवय तुला ठाऊक आहे. पहिलं फळ मी जिभेवर घेतल्याशिवाय माल पास करत नाही. तोडली आणि तिथेच कच्ची खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. चार खाल्ल्या भो! गोड, पातळ सालीची, दाताखाली कर्रकन मोडणारी. दगडी ओळीच्या टोकाला उभी होती. मी ओरडलो, "दगडे, पहिली भेंडी सुपडूकाकाच्या पोटात गेली! आता बाजार तुझा!" तिने पदर तोंडावर धरला आणि खाली बसली. लाजली वाटतं. कौतुक ऐकायची सवय नाही तुमच्याकडे.

परवापासून तोड सुरू करायला सांगितलं आहे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, हे तिला मी सांगायची गरज नाही. ३१ तारखेची काळजी सोड.

तुझा,
सुपडू

*

बोदवड,
१२ ऑगस्ट २०२४

आमश्या,

तुझं उत्तर नाही. पोस्टाची वाट न पाहता हे पत्र शिरपूरच्या गाडीवरचे कंडक्टर तोताराम यांच्या हाती देतो आहे. ते बोराडीला कुणाच्या तरी हाती देतील.

सरळ विचारतो. तू पोरीला परत बोलावतो आहेस का?

आठ दिवस झाले, तिने एक भेंडी तोडलेली नाही. पाणी देते, निंदणी करते, पालापाचोळा उचलते, पण भेंडीला हात लावत नाही. मी पहिल्या दिवशी विचारलं, "काय गं, आज तोड नाही?" म्हणाली, "करते काका." दुसऱ्या दिवशी, "करते काका." तिसऱ्या दिवशी मी टोपली तिच्या हातात दिली, तर टोपलीत गवत भरून आणलं. बाकी पाच जणांचा माल बोदवडच्या बाजारात जाऊन आला. हिच्या भेंड्या बकरीच्या शिंगांएवढ्या झाल्या.

रोहिदासला बाजूला घेतलं. तो कोयत्याला धार लावत बसला होता. कोयता बाहेर निघाला म्हणजे मला उसाचा फड दिसतो. म्हटलं, "काय रे, बार्डोलीच्या मुकादमाचा निरोप आला की काय?" तो म्हणाला, "काका, मी तर आज तोडून विकीन. पण शेत तिच्या नावावर आहे. तिलाच विचारा."

तुला माहीत आहे माझे कान कसे आहेत. केळीच्या लिलावात व्यापारी दोन ओळी पलीकडे कुजबुजले तरी मला भाव कळतो. काल हौदावर दगडी शेजारच्या सुंदरबाईला सांगत होती, "बाबांचा निरोप अजून आला नाही. निरोप आल्याबिगर मी हात लावणार नाही." मी पाईपच्या मागे होतो. प्रत्येक शब्द ऐकला.

तर मग बोल. तुला घर मोठं वाटतं म्हणून पोरीची पाच वर्षं बुडवणार आहेस का? तसं असेल तर मर्दासारखं मला सांग. मी शेवंताबाईला बोलावतो, तिचं तरी भलं होईल. कागदावर माझी सही आहे. माझ्या सहीची लाज गेली तर जाऊ दे, मी ती दुसरीकडे कमावीन. पण ही पोरगी पुन्हा उसाच्या फडात दिसली तर ते मला पाहवणार नाही.

सुपडू

*

मोहीपाडा,
१६ ऑगस्ट २०२४

सुपडूभाऊ,

दोन्ही पत्रं मिळाली.

मी कुणाला बोलावलं नाही. निरोप पाठवायचा होता तो पाठवला नाही. आता पाठवून उपयोग नाही. चार तारखेला जे झालं ते तूच लिहून कळवलंस.

तिला सांग, बाबा रागावले नाहीत.

आमश्या

*

सुपडूकाकांना दगडीचा नमस्कार.

हे पत्र मी रोपवाटिकेत तुमच्या गादीखाली ठेवते आहे. तोंडाने सांगता आलं नसतं. आज २१ तारीख. काल तुम्ही बाबांचं पत्र हातात धरून आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चार तारखेला काय झालं गं? मी काय केलं?" मी गप्प राहिले. तुम्ही टोपी काढून कपाळाला हात लावला. रात्री मला जेवण गेलं नाही.

काका, आमच्यात नवाई करतात. नवं पीक आलं की ते आधी देवाला दाखवायचं. ते झाल्याशिवाय घरातलं कुणी खात नाही, विकत नाही, कुणाला देतही नाही. नवाईचा दिवस पाड्याचा पुजारा ठरवतो. आमच्या पाड्याचा पुजारा म्हणजे माझे बाबा. मी त्याच निरोपाची वाट पाहत होते. निरोप आला की मी इथून पाच भेंड्या घेऊन मोहीपाड्याला जाणार होते, नवाई करून परत येणार होते आणि मग तोड करणार होते.

चार तारखेला तुम्ही भेंडी खाल्लीत. तुम्हाला माहीत नव्हतं. मला ओरडायला हवं होतं. पण तुम्ही मोठे, तुम्ही जागा मिळवून दिली, सही केली, तुम्ही इतके खूश होतात. मी खालीच बसले. मग वाटलं, हे बाबांना कळलं नाही तर बरं. पण तुम्ही तर पत्रातच लिहून टाकलंत.

रोहिदास म्हणतात, बाजारातल्या माणसाला काय कळतंय, तोडू आणि विकू. ते मला जबरदस्ती करत नाहीत. पण काका, बारा वर्षं मी दुसऱ्याचा ऊस तोडला. त्याची नवाई कोण करतो? कुणी नाही. तो ऊस कुणाचाच नव्हता आमच्यासाठी. हे शेत पहिलं माझं आहे. त्याचीच नवाई केली नाही, तर मग उसात आणि यात फरक काय?

जागा गेली तर शेवंताबाईला द्या. त्यांच्या धाकट्या मुलीला मी भेंडीच्या फुलातलं पाणी दाखवलं होतं, तिला आवडलं होतं.

तुमच्यावर राग नाही.

दगडी

*

बोदवड,
२२ ऑगस्ट २०२४

आमश्याभाऊ,

हे पत्र तोताराम कंडक्टरांच्या हाती, आणि त्यांना सांगितलं आहे की बोराडीला नुसतं देऊ नका, घेणाऱ्याला पाड्यापर्यंत चालवा.

दगडीने मला सगळं लिहून दिलं. पाच वेळा वाचलं. सुनंदाबाईला वाचून दाखवलं. तिने आज कप आपटला नाही. नुसतं म्हणाली, "चार खाल्ल्या तुम्ही. एक खाल्ली असती तर निदान चुकून झालं म्हणता आलं असतं."

भाऊ, चार वर्षं तू माझ्यासमोर कणसाला नाही म्हणत होतास. मी दात मोजत बसलो. एकदाही विचारलं नाही की बाबा रे, दर भादव्यात तू आठ दिवस कुठे जातोस. मी समजत होतो मला सगळं ऐकू येतं. पाईपमागे उभा राहून मी पोरीचं वाक्य शब्दन्‌शब्द ऐकलं आणि अर्थ माझ्याच डोक्यातला लावला.

तुझ्याजागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. कुणी माझ्या घरात चपला घालून देवघरात गेला असता आणि वर ओरडून सांगितलं असतं की फरशी छान आहे, तर मी त्याच्याशी बोललो नसतो. तू 'बाबा रागावले नाहीत' एवढं तरी लिहिलंस.

आता मला सांग, यावर उपाय काय? तुमच्याकडे चुकलेल्याने काय द्यायचं असतं, कोंबडं, नारळ, काय असेल ते. मी द्यायला तयार आहे. पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर बोलायचं असेल तर येतो. पण दोष माझा आहे, आणि जागा तिची जाते आहे. हातात नऊ दिवस आहेत.

एवढंच नाही, आणखी एक विचारतो. रागावू नको. नवाई मोहीपाड्यालाच व्हावी लागते का? तू जूनमध्ये विचारलं होतंस, बांध आहे का, झाड आहे का, पाणी कुठे जातं. मी म्हटलं सावलीला विचारतोस. मला आता वाटतं, तू सावलीला विचारत नव्हतास.

सुपडू

*

मोहीपाडा,
२५ ऑगस्ट २०२४

सुपडूभाऊ,

तुझा माणूस भिजत आला. त्याला भाकर दिली.

मी काहीतरी लपवलं आहे, ते आधी लिहितो. तुझं भेंडीचं पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण त्याच्या तळाशी थोडा आनंदही होता. वाटलं, नवाई मोडली, आता त्या मातीत तिचं मन लागणार नाही, ती परत येईल. म्हणून मी निरोप पाठवला नाही. तू मला विचारलंस, पोरीला बोलावतो आहेस का. मी खोटं लिहिलं नाही. पण खरंही लिहिलं नाही. बोलावलं नाही, नुसती वाट पाहत बसलो.

मग तुझं हे पत्र आलं. दगडीने तुला काय लिहिलं ते त्यात तू सांगितलं नाहीस.  पण तिने मलाही एक चिठ्ठी तुझ्या पाकिटात घातली होती, तुला ठाऊक नाही. तिने लिहिलं होतं, या शेताची नवाई केली नाही तर उसात आणि यात फरक काय. मी ते वाचून खडकावर जाऊन बसलो. फोन करायला नाही. नुसताच.

माझा आजा नर्मदेपलीकडून आला. मोहीपाडा तेव्हा नव्हता. जंगल होतं. त्याने झाड तोडलं, पेरलं, पीक आलं. तेव्हा त्याच्याजवळ कोणता पाडा होता? कोणता पुजारा? त्याने पलीकडच्या घरातली मूठभर ज्वारी आणली होती. ती त्याने बांधावर पेरली आणि पहिली नवाई स्वतःच केली. म्हणजे नवाई कुठेतरी पहिल्यांदा होतेच. हे मी लहानपणापासून ऐकत आलो, त्यातूनच तुला बांध आणि झाड विचारलं, पण पुढचा विचार केला नाही.

पाड्याची नवाई ८ सप्टेंबरला आहे, ती हलणार नाही. पण नव्या जागेचा दिवस नवा असतो. मी २८ तारखेला येतो. झाडाखाली जागा झाडून ठेव. ज्वारी मी आणतो. देवाला धार सोडायला लागणारी मोहाच्या दारूची बाटलीही आणतो, कंडक्टरला ती औषधाची म्हणून सांग.

कोंबडं आण. ते चुकलेल्याचं नाही, पाहुण्यांचं. तुझ्यासाठी दंड वेगळा आहे, तो तिथे सांगीन.

आमश्या

*

बोदवड,
६ सप्टेंबर २०२४

आमश्याभाऊ,

तू ३० तारखेला पहाटेच्या गाडीने गेलास, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. ऐक.

तुझी गाडी वळली आणि दगडीने टोपली उचलली. रोहिदास कोयता घेऊन निघाला तेव्हा मी त्याच्या मागे गेलो. पण त्याने कोयत्याने बांधावरची झुडपं साफ केली, टोपल्या ठेवायला जागा केली. बाकी पाचही घरची माणसं न सांगता आली. सुंदरबाई दगडीला म्हणाली, तुमच्याकडे याला काहीतरी म्हणतात, मजुरी न घेता सगळ्यांनी एकाच्या शेतात यायचं. दगडी म्हणाली, "लाहा." मग जेवण तिला द्यावं लागलं. जेवणासाठी भात सुनंदाबाईने केला आणि पहिल्यांदाच मला 'सर' म्हटलं नाही.

शेंड्याकडच्या कोवळ्या भेंड्या तेवढ्या तोडल्या. चार टोपल्या झाल्या. संध्याकाळच्या बाजारात तासाभरात गेल्या.

३१ ला कामिनी मॅडम आल्या. पावती पाहिली, वाफा पाहिला. खालच्या जून भेंड्या त्यांच्या नजरेतून सुटतील असं तुला वाटतं का? त्या म्हणाल्या, "सर, पंचवीस दिवसांचा माल वाया गेला. हे कसं झालं?" दगडी माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "मॅडम, तिने वाया घालवला नाही. मी चार भेंड्या न विचारता खाल्ल्या, त्याचा हा दंड आहे." मग सगळं सांगितलं. मॅडमनी पिशवीतून वही काढली. तीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: पुढच्या वर्षीपासून कुटुंब आलं की पहिल्याच दिवशी विचारायचं, नवं पीक घेण्याआधी तुमच्याकडे काय करतात. मी म्हटलं, हा प्रश्न मला पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी शिकवायला हवा होता.

जागा दगडीची झाली. पाच वर्षं. कागदावर तिने सही केली, अंगठा नाही. तुला ही बातमी पहिली देतो आहे.

आणि जून भेंड्यांचं ऐक. रोपवाटिका चालवून माझे केस पिकले, पण मला सुचलं नाही, रोहिदासला सुचलं. हे वाण सरळ आहे, संकरित नाही. म्हणजे या भेंड्या झाडावरच वाळू दिल्या तर पुढच्या हंगामाचं बी. सहाही शेतांना पुरेल एवढं. सगळ्यांनी कोवळी तोडून विकली, त्यामुळे बी एकट्या दगडीकडे आहे. बाकीचे आता तिच्या दारात येऊन चहा पितात.

शेवंताबाई परवा आली होती. तिला कसं सांगायचं म्हणून मी तोंड लपवत होतो. मॅडमनीच सांगितलं की विहिरीपलीकडे आणखी दोन जागा होताहेत, त्यातली एक तिची. तिची धाकटी सरळ दगडीच्या शेतात पळाली.

आता तू मला केलेला दंड. तू निंबाखाली ज्वारी पेरलीस, धार सोडलीस, भेंडी ठेवलीस आणि मग उचलून पहिली माझ्या हातावर ठेवलीस. "घे. आता खा." मला वाटलं होतं तू मला शेवटी देशील किंवा देणारच नाहीस. खोटं कशाला बोलू, चव चार तारखेलाही तीच होती. पण त्या दिवशी मी एकटाच खात होतो.

ज्वारी उगवली आहे. सात रोपं. मी मोजतो, हात लावत नाही.

तुझा,
सुपडू

*

बोदवड,
९ ऑगस्ट २०२५

बाबा, नमस्कार.

आमच्याकडे सगळं बरं आहे. विहिरीपलीकडे शेवंताबाईंची गवार फुलावर आली आहे. आपल्या बियाणाची भेंडी सगळ्यांच्या शेतात आहे. मागच्या वर्षीच्या सात रोपांच्या ज्वारीची मूठ मी ठेवली होती, ती या वर्षी निंबाखाली पेरली.

काल आम्ही सगळी घरं निंबाखाली बसलो. रोहिदास म्हणाले, मोहीपाड्याचा निरोप येऊ दे. मी म्हटलं, मोहीपाड्याचा निरोप मोहीपाड्यासाठी. शेवंताबाई म्हणाल्या, मग इथलं कोण ठरवणार? सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली बसले नाही.

आमच्या शेताची नवाई १७ तारखेला ठरली आहे. तुम्ही आदल्या दिवशी या. पुजारा म्हणून नाही, पाहुणे म्हणून या. मोठ्या घराला कुलूप लावून या. इथे दोन खोल्या आहेत, एक तुमची.

सुपडूकाका रोज सकाळी बांधावर येतात. आत पाय टाकत नाहीत. पानाखाली वाकून बघतात, हात मागे बांधतात. काल भेंडी लागली ती मीच त्यांना दाखवली. म्हटलं, "काका, वास तरी घ्या." ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "नको पोरी. दात दुखतात."

तुमची,
दगडी